६० गिगाहर्ट्झची लिंक सारखी तुटते म्हणून रिले लावताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत गोडाऊनच्या यार्डांमध्ये ६० गिगाहर्ट्झच्या बिनतारी (वायरलेस) लिंक लावायचं काम मी करतो. अमेरिकेत ५७ ते ७१ गिगाहर्ट्झ बँडला लायसन्स लागत नाही, त्यामुळे छतावरून गेटच्या कॅमेऱ्यांपर्यंत जमीन खणून फायबर टाकण्यापेक्षा लोकांना हे परवडतं. पहिल्या दिवशी मस्त चालतं आणि आठवड्यात फोन येतो, दिवसातनं दहादा बंद पडतंय.

कारण साधं आहे, या लहरींची लांबी जेमतेम ५ मिलिमीटर, त्या अडथळ्याला वळसा घालून पलीकडे जवळपास पोचतच नाहीत. मधे नुसता माणूस उभा राहिला तरी २० डीबी (डेसिबल) किंवा जास्तच जातात, म्हणजे सिग्नलचा शंभरावा भाग हातात. ट्रेलर आला की विषयच संपला. म्हणून रिले, म्हणजे सिग्नल घेऊन दुसऱ्या वाटेने पुढे पाठवणारा मधला रेडिओ, लावायचा हे बरोबरच, पण तो कुठे लावलाय यावर सगळं अवलंबून आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिले थेट लिंकच्याच रेषेत लावणं. मी स्वतः केलीय. छतापासून गेट १८० मीटर, मधोमध लाईटचा खांब आयता मिळाला, तिथे ४ मीटरवर रिले ठोकला. सकाळी सात ते नऊ ट्रेलर लाईनीत उभे राहायचे आणि थेट लिंक, रिले, दोन्ही एकदमच जायचं. दोन दिवस फर्मवेअर बदलत बसलो, मग तिसऱ्या दिवशी साडेसातला त्या खांबाखाली जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसलं की ट्रेलरचं छप्पर आणि रिलेचा अँटेना एकाच पातळीला, इथले ट्रेलर असतात साडेतेरा फूट, म्हणजे ४.१ मीटर! शेवटी रिले बाजूच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर ७ मीटरवर नेला, रस्ता लांबला, कोन वाकडा झाला, पण त्या बाजूला गाड्या थांबतच नाहीत. जी गाडी थेट लिंक अडवते तिला रिलेची लिंक अडवताच येता कामा नये, जागा निवडताना एवढं एकच बघा.

दुसरं, झाडं. जानेवारीत सर्व्हे करू नका, आणि केलाच तर फांद्यांना पानं आहेत असं धरून करा. मॅपल तेव्हा उघडे असतात, मे महिन्यात तीच फांदी भिंत होते, आणि ओली पानं तर आणखी वाईट. शिवाय नुसतं समोरचं टोक दिसतंय म्हणजे झालं असं नाही, २०० मीटरच्या लिंकला मधोमध सगळ्या बाजूंनी अर्धा मीटर जागा मोकळी लागते.

पावसाला उगाच शिव्या देतात लोक. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात किलोमीटरला १७-१८ डीबी जातात खरे, पण २०० मीटरला ते साडेतीनच होतात, तेवढा सिग्नल जादा, म्हणजे मार्जिन, ठेवायलाच हवं.

स्वस्तातला रिपीटर घेताना जपून, तो सिग्नलबरोबर नॉइजही वाढवतो आणि त्याचे दोन अँटेना एकमेकांना ऐकू लागले की शिट्टी मारणाऱ्या माईकसारखी गत होते, म्हणून दोघांमधलं आयसोलेशन (एकाचा सिग्नल दुसऱ्यापर्यंत जाताना किती कमी होतो ते) गेनपेक्षा, म्हणजे रिपीटर सिग्नल जितका वाढवतो त्यापेक्षा, बरंच जास्त हवं. डिकोड करून पुढे पाठवणारा रिले बरा, पण एकाच रेडिओवर ऐकणं-बोलणं दोन्ही करत असेल तर स्पीड निम्मा होणार हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आणि रिलेची बीम, म्हणजे अँटेनातून निघणारा बारीक झोत, आधीच जुळवून ठेवा. थेट लिंक गेल्यावर शोधायला लागलात तर तेवढ्यात कॅमेरा ऑफलाईन. थेट सिग्नल परत आला की लगेच उडी मारू नका, काही सेकंद टिकतोय का बघा, नाहीतर दोन ट्रेलरच्या फटीत सिस्टिम नुसती इकडून तिकडे नाचत राहते.

तरी बिघाड सापडत नसेल तर आठवडाभराचा सिग्नलचा ग्राफ काढा. कड्यावरून पडल्यासारखा खाली आणि तसाच एकदम वर असेल तर गाडी किंवा माणूस, हळूहळू उतरून हळूहळू चढला तर पाऊस. वाऱ्याच्या दिवशीच थरथरत असेल तर फांदी नाहीतर खांब हलतोय, बीम इतकी बारीक असते की खांबाचं थोडं डोलणंही तिला पुरतं. सिग्नलचा ग्राफ सपाट आहे पण स्पीड अर्धा, तर अँटेनाला हात लावू नका, रिलेची सेटिंग उघडा.