शाळा उघडण्याआधी: डबा, व्हरांडा आणि नुसतं बघत बसणारं पोर

कोल्हापुरात जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि पाठोपाठ पाऊस धरतो. त्यामुळे मुलांच्या आहार-व्यायामाच्या उपक्रमाची तयारी मे महिन्यातच उरकावी, आणि सुरुवात मैदानापासून नको, छपरापासून करावी. मैदानात चिखल झाला की पी.टी.चा तास गणिताला जातो, तो ऑगस्टपर्यंत परत येत नाही. म्हणून आधी व्हरांडा मोजा. दोन्ही हात पसरून उभं राहिल्यावर किती मुलं मावतील, याच्या खडूने खुणा करा. तेवढ्या जागेत सूर्यनमस्कार, बैठका, फुगडी, दोरीवरच्या उड्या सगळं बसतं. शिकवायला बाहेरून कुणी आणायला नको. जवळच्या तालमीतल्या वस्तादांना आठवड्यातून एकदा यायची विनंती करा, पण आधीच सांगा की आम्हाला पैलवान निवडायचे नाहीत, सगळ्या वर्गाला घाम आणायचा आहे.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे खेळाचं वेड मोठं आणि तितकंच निवडक. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं. अभिमान वाटतोच. पण शाळेत मात्र संघातली बारा पोरं पळतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या प्रत्येक मुलाला दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल हवी म्हणते. तेव्हा हजेरीपटाशेजारी एक वही ठेवा. त्यात खेळलेल्यांची नको, आज न खेळलेल्यांची नावं लिहा, आणि कारण मुलाला एकटं गाठून विचारा. मुलींच्या बाबतीत कारण बरेचदा स्वच्छतागृह निघतं. ते घाण असलं की त्या पाणीच पीत नाहीत, आणि मग खेळायलाही उतरत नाहीत. दाराची कडी, नळ आणि उजेड मेमध्येच तपासा.

स्वयंपाकघरात एक तराजू हवाच. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीला हेच १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. तांदूळ सहसा कमी पडत नाही, घसरते ती भाजी. पन्नास ग्रॅम म्हणजे डोळ्यांना किती दिसते, हे एकदा स्वयंपाकाच्या मावशींबरोबर बसून तोलून पाहा. पहिल्या पावसात कुंपणालगत शेवग्याच्या फांद्या रोवायच्या असतील तर खड्डे आत्ताच काढा. पाला आमटीत जातो, शेंगा नंतर मिळतात.

डब्यासाठी पालकसभेत मनाईची यादी वाचू नका, काय आणायचं ते सांगा. नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, थालीपीठ, शेंगदाण्याचा लाडू. गुळाबद्दल मात्र खरं बोलावं लागेल. कोल्हापूरचा गूळ आपल्या जिव्हाळ्याचा आहे, पण शरीराच्या दृष्टीने तीही साखरच. लाडू लिंबाएवढाच हवा. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्यांशीही आधी बोला. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण नियम दाखवून माणसाचं पोट मारू नये. उकडलेल्या शेंगा, भाजलेलं कणीस, पेरू विकायला सुचवा, आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांनीही तेच घ्यावं.

उंची-वजन आडोशाला घ्या. एका वर्षी मी वर्गासमोर वजनाचे आकडे मोठ्याने वाचले. सहावीतली एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून डबा उघडेना. तिला परत जेवायला बसवायला आम्हाला दिवाळी उजाडली. आकडा फक्त पालकांना द्या. दमा, हृदयाचा त्रास किंवा फिट येणारी मुलं कोण, तेही पालकांकडून लिहून घ्या आणि पी.टी.च्या सरांना पहिल्याच दिवशी सांगा.

राहिल्या दोऱ्या. प्लॅस्टिकच्या मुठीच्या लवकर तुटतात. सुती दोरी मीटरवर आणा. मधोमध पाय ठेवल्यावर दोन्ही टोकं काखेपर्यंत यावीत इतकी कापा आणि टोकांना गाठी मारा. दोन मुलांत एक पुरते. लहान वर्गांच्या दोऱ्यांना लाल धागा, मोठ्यांच्या दोऱ्यांना निळा बांधा, आणि खुंट्या मुलांचा हात पोचेल इतक्या खाली ठोका.