महाविद्यालयीन ग्रंथपालाने आपल्या बदलत्या कामाची मांडणी कशी करावी

तालुक्याच्या गावातील वरिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे येणारे प्रश्न आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. अमुक पुस्तक कोणत्या कपाटात आहे, असे विचारणारा विद्यार्थी अजूनही येतो. परंतु त्याच दिवशी एखादे प्राध्यापक शोधनिबंध कोणत्या जर्नलकडे पाठवावा हे विचारतात, पीएच.डी.ची विद्यार्थिनी वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल घेऊन येते आणि महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक संस्थेच्या कामाचे समन्वयक ई-साधनांच्या वापराचे आकडे मागतात. देवघेव, वर्गीकरण आणि दाखल नोंदवही यांभोवती बेतलेले जुने शिक्षण या मागण्यांना पुरे पडत नाही. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांत एखाद्या परिचराच्या मदतीने संपूर्ण ग्रंथालय चालवणाऱ्या ग्रंथपालांना समोर ठेवून पुढील सूचना केल्या आहेत. प्रत्येक नव्या तंत्रज्ञानामागे धावण्याची आवश्यकता नाही. आपल्या वाचकाला जे अन्यत्र मिळणार नाही ते प्रथम हाती घ्यावे, आणि त्यासाठी जेवढे कौशल्य लागेल तेवढे आधी शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

कामाचा आरंभ प्रश्नांच्या नोंदीपासून करावा. निदान एक महिनाभर काउंटरवर एक वही ठेवून कोणी काय विचारले, उत्तर देता आले की नाही आणि का आले नाही, एवढेच लिहीत जावे. ही वहीच पुढील प्रशिक्षणाचा क्रम ठरवील. ग्रंथालय सल्लागार समितीपुढे संगणकाची किंवा इंटरनेट जोडणीची मागणी ठेवतानाही अशा नोंदींचे वजन कोऱ्या विनंती अर्जापेक्षा कितीतरी अधिक पडते.

उपलब्ध ई-साधने वाचकाच्या हातात द्यावीत

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या उच्च शिक्षणातील ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना हजारो ई-जर्नल्स आणि ई-पुस्तके मिळू शकतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स तिच्या कक्षेत येतात. या योजनेचा पहिला भर केंद्र व राज्य शासनांच्या संस्थांवर असल्यामुळे आपले महाविद्यालय तिच्या यादीत आहे का, हे ग्रंथपालाने स्वतः पाहून घ्यावे. योजना कोणतीही असो, खरी अडचण त्यापुढची आहे. वार्षिक शुल्क भरले जाते, युजर आयडी तयार होतात, आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही नसतो. प्रवेश पूर्ण होताच विद्यार्थ्यांची यादी कार्यालयाकडून मागवून आयडी तयार करावेत आणि मोबाइलवरच लॉगिन करून घ्यावे. आपल्याकडील बहुसंख्य विद्यार्थ्यांचा संगणक म्हणजे त्यांचा मोबाइलच असतो.

प्रात्यक्षिक देताना संकेतस्थळावरील बटणे दाखवण्यात वेळ घालवू नये. विद्यार्थ्याच्या प्रकल्पातलाच विषय घ्यावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, या घटनेवर भूगोलाचा विद्यार्थी प्रकल्प लिहीत आहे असे समजू या. तो मराठीत शोधेल तर त्याला मुख्यतः बातम्या मिळतील. त्या निरुपयोगी नाहीत. कोणत्या दिवशी काय घडले हे त्यांतून कळते, परंतु टंचाई का आली याचे उत्तर त्यांत क्वचितच असते. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अहवाल, मांजरा प्रकल्पातील पाणीसाठ्याच्या नोंदी, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील भूगोल आणि अर्थशास्त्राचे प्रबंध व जर्नलमधील लेख यांच्याकडे जावे लागते. यांपैकी प्रत्येक साधन वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, हे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दाखवावे. शोधशब्द कसे बदलावेत हेही येथेच शिकवता येते: 'दुष्काळ', 'पाणीटंचाई', 'अवर्षण', आणि इंग्रजी साधनांसाठी 'ड्रॉट', 'ग्राउंडवॉटर डिप्लीशन', 'मांजरा बेसिन'. असे एक तासाचे सत्र वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या गटासाठी घेतले, तर वर्षारंभी सभागृहात होणाऱ्या सामुदायिक उद्बोधनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

संशोधकाला मदत करताना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास दुरुस्त प्रबंध सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावा लागतो. त्यापुढे एक वर्ष सादरीकरणास मनाई आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द, अशी चढती श्रेणी आहे. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, प्रस्तावना, प्रचलित संज्ञा, कायदे आणि समीकरणे मोजणीतून वगळायची असतात. म्हणून सॉफ्टवेअरने दाखवलेली टक्केवारी हा निकाल समजू नये. अहवाल उघडून विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे, प्रत्येक रंगीत ओळ कोठून आली ते पाहावे आणि अवतरण, सारांश व स्वतःच्या शब्दांतील मांडणी यांतील फरक त्याच ओळींवर समजावून द्यावा. ग्रंथपालाची भूमिका येथे शिक्षकाची आहे, चौकीदाराची नाही.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांच्या आधीच्या) फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु संगणकाला तो रोमन चिन्हांची निरर्थक मालिका वाटतो. त्यामुळे त्यावर मिळालेल्या शून्य टक्के साम्याला काहीही अर्थ नसतो. स्कॅन करून चित्ररूपात ठेवलेल्या पानांचेही तेच. प्रबंध प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, जोडाक्षरे व ऱ्हस्व-दीर्घ वाचून तपासावेत आणि मगच तपासणीस पाठवावा.

जर्नलच्या निवडीत ग्रंथपालाची जबाबदारी अलीकडे वाढली आहे. आयोगाची मान्य जर्नल्सची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून 'यादीत आहे' असे सांगून मोकळे होता येत नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक अधिकृत पोर्टलवर त्याच नावाशी जुळतो का, संपादक मंडळातील व्यक्ती त्यांच्या संस्थांच्या पानांवर या जर्नलचा उल्लेख करतात का, मागील अंकांतील लेख विषयाशी संबंधित आहेत का आणि शुल्क भरताच काही दिवसांत प्रकाशनाची हमी दिली जाते का, एवढे तरी तपासावे. नामांकित जर्नलच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवली जातात, म्हणून शोधयंत्राने दाखवलेला पहिला दुवा खरा मानू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी विद्यार्थ्यांना केवळ धाक घालून उपयोग नाही. ही साधने अस्तित्वातच नसलेले संदर्भ अत्यंत विश्वासार्ह रूपात लिहून देतात, हे त्यांना करून दाखवावे. मिळालेल्या संदर्भाचे शीर्षक अवतरणचिन्हांत शोधावे, डीओआय हा लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळख क्रमांक उघडून पाहावा, जर्नलच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका तपासावी. तिन्ही ठिकाणी लेख आढळला नाही तर तो संदर्भ वगळावा. आढळला तरीही प्रबंधात नमूद करण्यापूर्वी तो लेख वाचला पाहिजे, हे सांगण्यास संकोच करू नये.

स्थानिक साहित्य: जे दुसरे कोणी करणार नाही

मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम हे आहे. परदेशी जर्नल कोणत्याही शहरातून मिळेल. परंतु महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक, गावातील शाळांच्या आणि साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची स्वखर्चाने छापलेली आत्मकथने, विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण अहवाल हे त्या त्या गावातच आढळतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने येथील जुन्या संग्रहांत उर्दू पुस्तके आणि मोडी कागदपत्रेही आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ मध्ये मोडी आणि उर्दू वाचकांची किती गरज भासली, हे आपण सर्वांनी पाहिले. ग्रंथपालाला या लिप्या स्वतः वाचता आल्याच पाहिजेत असे नाही. गावात त्या वाचणारे कोण आहे, याची यादी मात्र त्याच्याकडे असावी.

ग्रंथतालिकेची (कॅटलॉगची) दुरुस्ती याआधी करावी. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने टंकलेली असतील, तर शोध लागतच नाही. कोहा किंवा सोल या ग्रंथालय सॉफ्टवेअरांत युनिकोड देवनागरीत नोंदी करता येतात. नवी खरेदी थेट देवनागरीत नोंदवावी आणि जुन्यांपैकी सर्वाधिक वापरातील पुस्तके प्रथम बदलावीत.

डिजिटायझेशन करताना पाने ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावीत, जीर्ण पाने सपाट यंत्रावर घ्यावीत, शक्य तेथे ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखण्याची प्रक्रिया) करून मजकूर शोधण्याजोगा करावा आणि दोन प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. डीस्पेस हे मुक्त सॉफ्टवेअर संग्रहासाठी पुरेसे आहे. संग्रह सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी मात्र हक्क तपासावा: भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. हक्क शाबूत असलेल्या आत्मकथनासाठी लेखकाच्या वारसांना भेटून लेखी परवानगी घ्यावी. त्या पत्रात ग्रंथाचे नाव, खुले वाचन की केवळ महाविद्यालयाच्या आवारात वाचन हा पर्याय आणि दिनांक स्पष्ट लिहावा, आणि त्या पत्राची स्कॅन प्रत त्याच ग्रंथाच्या नोंदीस जोडून ठेवावी.