रास्पबेरी पाय ३ आणि अर्डुइनो: सीरियलवर आकडे अर्धवट येत होते, असं सुटलं

ओझरजवळच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा मोजायला अर्डुइनो ऊनो (सेन्सर वाचणारा छोटा बोर्ड) लावलाय. आकडे सीरियलने (वायरीवरून एकामागून एक अक्षर पाठवून) रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटरकडे येतात. म्हणजे यायला हवेत. ऊनो ६४२ पाठवायचा, पायवर कधी ‘६’, कधी ‘४२’. मधूनच पायवरच्या पायथॉन प्रोग्रॅमची एरर: ‘मल्टिपल ॲक्सेस ऑन पोर्ट?’, म्हणजे हा पोर्ट आणखी कुणी वापरतंय का?

वायरी बदलल्या, बॉड रेट (पाठवण्याचा वेग) कमी केला, टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची पिन) उलटून पाहिले. दोन रविवार पाण्यात.

उत्तर एररमध्येच होतं. पायचं लॉगिन कन्सोल (सीरियलवरून पायमध्ये लॉगिन करायची सोय) तोच पोर्ट वाचत होतं, मधली अक्षरं तेच गिळायचं.

आधी दोन्ही बोर्ड बंद. ऊनोचा टीएक्स ५ व्होल्टचा, पायची पिन १० (तिचा आरएक्स) फक्त ३.३ सोसते; म्हणून मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पिन १० पासून ग्राउंडला २ किलोओहमचा. (इतके दिवस थेट जोडलं होतं, पाय वाचला हे नशीब.) पायची पिन ६ ऊनोच्या ग्राउंडला. मग दोन्ही चालू करून पायच्या टर्मिनलवर ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’, इंटरफेस ऑप्शन्स, सीरियल पोर्ट. लॉगिन शेलला ‘नो’, त्यानंतरच्या हार्डवेअरच्या प्रश्नाला ‘येस’. घाईत दोन्हीकडे ‘नो’ दाबू नका. रीबूट. पुढचा आकडा अख्खा आला: ६३८.

ऊनोवर स्केच (त्याचा प्रोग्रॅम) चढवताना ० नंबरच्या पिनमध्ये (ऊनोचा आरएक्स) वायर असेल तर ती काढा, नाहीतर अपलोड अडकतं.