आय-टू-सी शिकताना: आधी तारा, मग प्रोग्राम

नाशिकच्या सातपूर-अंबडमधील कंपन्यांमध्ये एम्बेडेडचे (यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांचे) काम मिळावे म्हणून तयारी करणारे विद्यार्थी कोणता प्रोजेक्ट करावा असे विचारतात, तेव्हा मी त्यांना दोन मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचे छोटे संगणक) आय-टू-सी बसने, म्हणजे दोन सामाईक तारांवरून डेटा पाठवण्याच्या पद्धतीने, जोडायला सांगतो. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली ही पद्धत आजही सर्रास वापरात आहे.

समजा, द्राक्षबागेतील मातीचा ओलावा आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड मोजणार आहे आणि ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड तो वायफायवरून पुढे पाठवणार आहे. एसडीए (डेटाची तार), एससीएल (ताल देणाऱ्या क्लॉकची तार) आणि दोन्ही बोर्डांचे ग्राउंड एवढ्या तीनच तारा जोडायच्या असल्यामुळे बहुतेक जण थेट प्रोग्रामकडे वळतात. माझ्या मते खरे शिक्षण त्याआधीच्या तपासणीत आहे. या बसवरचे कोणतेही उपकरण तार फक्त खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढू शकते. ती वर नेण्याचे काम पुल-अप रेझिस्टर, म्हणजे तार पुरवठ्याच्या व्होल्टेजला जोडणारा रेझिस्टर, करतो आणि त्यासाठी ४.७ किलोओहम ही नेहमीची किंमत आहे. उनो ५ व्होल्टवर चालतो, तर ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टसाठी बनवलेल्या आहेत. पुल-अप ५ व्होल्टला जोडला तर ईएसपी३२ ला धोका पोहोचतो, ३.३ व्होल्टला जोडला तर उनोच्या चिपला ‘हाय’ ओळखण्यासाठी डेटाशीटनुसार लागणारे ३.५ व्होल्ट मिळत नाहीत. तशी जोडणी टेबलावर अनेकदा चालते, पण तिच्यावर विसंबू नये. मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेजांत सिग्नल बदलून देणारे सर्किट) घालावा आणि बस मोकळी असताना दोन्ही तारांवर आपापल्या बाजूचा पूर्ण व्होल्टेज दिसतो का, हे मल्टिमीटरने पाहावे.

त्यानंतर प्रोग्राम. सात बिटांचा पत्ता आणि वाचन-लेखनाचा एक बिट गेल्यावर, नवव्या क्लॉकला समोरच्याने एसडीए खाली ओढली, तर ती पोच समजायची. आर्डुइनोच्या ‘वायर’ लायब्ररीतील ‘एंडट्रान्समिशन’ने २ हा आकडा परत दिला, तर पत्त्यालाच पोच मिळालेली नाही, म्हणून डेटाचा कोड चाळत बसू नये.

पोच मिळूनही आकडे भलतेच येत असतील, तर ‘इंट’ हा पूर्णांक साठवणारा डेटाप्रकार तपासावा: उनोवर तो २ बाइटचा असतो आणि ईएसपी३२ वर ४ बाइटचा. दोन्हीकडे १६ बिटांचा प्रकार स्पष्ट लिहिला की हा घोळ मिटतो. सेन्सरचा बोर्ड बागेत आणि ईएसपी३२ दूर पंपघरात ठेवायचा असेल, तर मात्र आय-टू-सी ताणू नये, कारण ही बस एकाच पेटीतल्या अंतरासाठी आहे. तिथे लांब अंतरासाठी असलेली आरएस-४८५ ही पद्धत वापरावी.