शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतो तेव्हा : या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा वाडा पाडून इमारत झाली, पण भिंती पातळच. तिसऱ्या मजल्यावर भांडं आपटलं की दुसऱ्यावर कळतं, आणि कळलं की लोक टीव्हीचा आवाज वाढवतात. ही पहिली चूक.

दुसरी मी स्वतः केली आहे. चार वडीलधारे गोळा करून आम्ही नवराबायकोला समोरासमोर बसवलं. "काय असेल ते मोकळेपणाने सांग," काका म्हणाले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काही नाही, थोडी बोलाचाली झाली." चहा झाला, समाधान झालं असं समजून आम्ही उठलो. घरातलं बाहेर गेलं म्हणून त्या रात्री तिला जास्तच मार बसला. ज्याची भीती, त्याच्याच देखत कोण बोलेल? तिला एकटीला गाठा, भाजीवाल्याकडे, गच्चीत, हळदीकुंकवाला. आणि उपदेश न करता विचारा, "तुला काय करायचंय?"

(सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात 1931 सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. आमच्या बैठकीत मात्र अजून "संसार मोडू नका" हेच पालुपद.)

मारहाण चालू असताना दारात उभं राहून त्याला जाब विचारू नका. राग तिच्यावरच निघतो. दोघीतिघींनी जाऊन बेल वाजवायची आणि म्हणायचं, "विरजण आहे का हो?" उगारलेला हात खाली येतो, तिला सावरायला दोन मिनिटं मिळतात. तरी थांबलं नाही तर 181. गुजरातेतली ही अभयम हेल्पलाइन चोवीस तास चालते, आणि गरज पडली तर गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस घरी येतात.

"उद्या आपल्यावरच शेकलं तर?" हे हमखास येतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 4 पाहा : संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कोणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पण जिवावर बेतलं नसेल तर आधी तिला विचारा. तिला न सांगता केलेली तक्रार निस्तरावी तिलाच लागते.

"बॅग भर, माहेरी जा" हा सल्लाही घाईचा. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क कलम 17 देतं. जायचंच ठरलं, तर आधार कार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, थोडी रोकड आधीच एखाद्या भरवशाच्या घरी ठेवू द्या. वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर सांगा, की बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही नको. तिचा नवरा त्याच ग्रुपवर असतो!

आणि ती परत त्याच्याकडे गेली की "आपण एवढं केलं, आणि हिने..." म्हणत तोंड फिरवू नका. आमची ती तशीच परत गेली. मी अजून अधूनमधून विरजण मागायला जाते. घरी दही असतंच.