रस्त्याच्या पलीकडून दिसायला हवं: फास्ट फूड ब्रँडिंगच्या कामात येणाऱ्यांसाठी

डिझाइनच्या कामाला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. फास्ट फूडच्या एका साखळीच्या पाटीसाठी मी बारा नमुने केले होते आणि स्क्रीनवर ते बाराही मला आवडत होते. आमच्या सीनियर मॅडमनी ते पाहिले, काही न बोलता कागदावर छापून घेतले आणि ऑफिसच्या लांबलचक पॅसेजच्या टोकाला भिंतीवर चिकटवले. मग मला दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि म्हणाल्या, "दोन सेकंद बघ आणि पाठ फिरव. आता सांग, काय दिसलं?" मला बारापैकी तीन आठवले. बाकीच्यांत घातलेली बारीक रेघ, अक्षराच्या टोकाचा नाजूक बाक, हळूहळू बदलत जाणारी रंगछटा, यातलं काहीच माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

या क्षेत्रात येणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी अंतराची सांगते. आपण काम करतो दोन फुटांवरून, खुर्चीत बसून. गिऱ्हाईक बघतं ते रस्त्याच्या पलीकडून, चालत्या गाडीतून, भूक लागलेली असताना आणि डोक्यात भलतंच काही चालू असताना. त्याला थांबून आपलं काम न्याहाळायचं नसतं. पाटी, रंग, इमारत, मेनूबोर्ड, कप, पिशवी या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या अंतरांवरून त्याच्याशी बोलतात. प्रत्येक अंतरावर किती बोलायचं हे ठरवणं म्हणजे आपलं काम.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण मॅकडोनाल्ड्सच्या कमानींचं. त्या सुरुवातीला लोगो नव्हत्याच, इमारतीचा भाग होत्या. मॅकडोनाल्ड बंधूंसाठी स्टॅन्ली मेस्टन या वास्तुविशारदाने ती इमारत आखली आणि 1953 मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्समध्ये तसं पहिलं दुकान उभं राहिलं. दोन बाजूंना दोन पिवळ्या कमानी, दुकानाच्या छपरातून वर निघालेल्या. कशासाठी, तर हमरस्त्यावरून वेगात जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला त्या लांबूनच दिसाव्यात आणि ब्रेक मारायला वेळ मिळावा. तिरक्या कोनातून पाहिलं की दोन्ही कमानी मिळून इंग्रजी 'एम' दिसायचा. 1960च्या दशकात तोच एम लोगो झाला आणि पुढे इमारतींवरच्या कमानी गेल्या तरी खूण राहिली.

ही खूण किती पक्की बसली आहे याचा अंदाज 2018 मध्ये पुन्हा आला. कॅनडात मॅकडोनाल्ड्सच्या फलकांवर कमानींचा फक्त एक कापलेला तुकडा होता. तो वळणारा पिवळा पट्टाच दुकानाची दिशा दाखवणारा बाण झाला होता. नाव नाही, पदार्थाचं चित्र नाही. तरीही लोकांना कळलं, आणि त्या कामाला कान्सच्या जाहिरात महोत्सवात बाह्यजाहिरात विभागाचं ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, मिळालं. मी नव्या मुलांना हाच अभ्यास देते. कुठल्याही साखळीची पाटी घ्या आणि तिच्यातलं एकेक काढत जा. आधी नाव काढा, मग रंग काढा, मग अर्धा आकार झाका. कुठपर्यंत ओळख टिकते ते वहीत लिहा. पिझ्झा हटचं उतरतं लाल छप्पर या परीक्षेत फार पुढे जातं. दुकान बंद होऊन तिथे दुसरंच काही सुरू झालं, छपराला वेगळा रंग दिला, तरी अमेरिकेत लोक त्या इमारतीकडे बघून सांगतात की इथे पूर्वी काय होतं.

आता रंगांकडे येते, कारण मुलाखतीला येणारा प्रत्येक जण "लाल रंगाने भूक वाढते" हे वाक्य घेऊन येतो. कृपा करून ते पाठ करून येऊ नका. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लाल ताटलीतून लोकांनी कमी खाल्लं आणि लाल खूण असलेल्या कपातून कमी प्यायले. एका प्रयोगावरून उलटा नियमही करू नये, पण रंग आणि भुकेचं नातं एवढं सरळ नाही हे नक्की. लाल आणि पिवळ्याच्या बाजूने मला जास्त भरवशाचं कारण दिसतं ते साधं आहे. ते रंग झाडांच्या हिरव्या आणि आकाशाच्या निळ्या पार्श्वभूमीतून उठून दिसतात. शिवाय पहिल्या मोठ्या साखळ्यांनी ते वापरले, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ते रंग म्हणजे झटपट खाणं अशी सवय लागली.

आणि रंग म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असंही नाही. 1921 मध्ये सुरू झालेल्या व्हाइट कॅसल या अमेरिकी बर्गर साखळीने पांढरा निवडला, कारण त्या काळी खिम्याच्या मांसाबद्दल लोकांच्या मनात किळस आणि भीती होती. पांढऱ्याशुभ्र भिंती आणि आत चकचकीत स्टील पाहून माणसाला 'इथे स्वच्छता आहे' असं वाटावं, हा सरळ हिशेब होता. 2009 मध्ये मॅकडोनाल्ड्सने जर्मनीत लालऐवजी गडद हिरवी पार्श्वभूमी आणायला सुरुवात केली, पर्यावरणाची काळजी दाखवण्यासाठी. अ‍ॅरिझोनातल्या सेडोना गावात तर तांबड्या डोंगरांशी विसंगत दिसू नयेत म्हणून कमानी फिरोजी रंगाच्या आहेत. तरी त्या ओळखू येतातच. आकाराने एकदा ओळखीचं ओझं उचललं की रंगाला थोडी मोकळीक मिळते. नवीन, अनोळखी ब्रँडला मात्र ही चैन परवडत नाही.

रंगाबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सविस्तर सांगते, कारण ती महाग पडली होती. एका साखळीसाठी लाइटबॉक्स पाटी, म्हणजे आतून दिवे लावलेली पाटी, होती, लाल जमिनीवर पांढरी अक्षरं. रंगाचा नमुना मी दुपारच्या उजेडात शेडकार्डाशी ताडून पाहिला, अगदी तंतोतंत जुळत होता. क्लायंटने सही केली, पाट्या लागल्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर फोन आला, "मॅडम, पाटी काळी दिसतेय." मी जाऊन पाहिलं. पांढरी अक्षरं झगझगत होती आणि भोवतीचा लाल काळपट, मेलेला झाला होता. मध्येमध्ये सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके. मी ड्रॉइंगमध्ये नुसतं 'लाल व्हिनाइल' (पाटीवर चिकटवायचा प्लॅस्टिकचा पातळ थर) लिहिलं होतं, 'ट्रान्सल्युसंट', म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारं, हा शब्द लिहिला नव्हता. पाटी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने साधं, उजेड अडवणारं व्हिनाइल लावलं, त्यात त्याचा काहीच दोष नव्हता. सगळ्या पाट्या उतरवून पुन्हा कराव्या लागल्या. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. तेव्हापासून पाटीचा नमुना मी दोनदा बघते, एकदा उन्हात आणि एकदा अंधारात मागून दिवा लावून. ड्रॉइंगवर व्हिनाइलचा प्रकार, कंपनीचा शेडनंबर आणि दिव्यांमधलं अंतर लिहिल्याशिवाय फाइल बाहेर सोडत नाही.

तोच लाल कागदावर आला की आणखी वेगळा वागतो. गुळगुळीत कोटेड कागदावर तो खुलतो, साध्या कागदात शाई शोषली जाऊन मंद होतो आणि तपकिरी क्राफ्ट पिशवीवर तर विटकरी होतो. रंगाचा एकच नंबर सगळीकडे दिला म्हणजे झालं असं समजू नका. पॅन्टोन या रंगांना नंबर देणाऱ्या कंपनीच्या पुस्तकातही कोटेड आणि अनकोटेडसाठी वेगळी पानं असतात ती याचसाठी.

पॅकेजिंगचं काम मिळालं तर पहिल्याच दिवशी एक कागदी कप आणा, त्याची शिवण कात्रीने उभी कापा आणि तो टेबलावर सपाट पसरा. आयत मिळेल असं वाटतं, पण हातात येतो पंख्यासारखा वाकलेला तुकडा, कारण कप वर रुंद आणि खाली निमुळता असतो. तुम्ही सरळ आखलेली पट्टी त्या कपावर चढली की मध्येच खाली लोंबल्यासारखी दिसते. म्हणून डायलाइनच्या, म्हणजे कापायच्या आकाराच्या रेघेच्या, बाकाबरोबर आर्टवर्कही वाकवावं लागतं. मग तोच कप हातात धरा आणि आरशासमोर उभे राहा. लोगो कुठे गेला? बोटांखाली. कपाच्या मधोमध ठेवलेला लोगो पिणाऱ्याच्या मुठीत झाकला जातो. समोर बसलेल्या माणसाला दिसतो तो वरच्या कडेचा दोन बोटं रुंदीचा पट्टा आणि तळाजवळचा थोडा भाग. पिशवीचंही तसंच आहे. तोंड दुमडल्यावर काय उरतं ते पाहिल्याशिवाय जागा ठरवू नका. रस्त्याने जाणारं गिऱ्हाईक ती पिशवी हातात घेऊन चालतं, म्हणजे साखळीची ती फिरती पाटीच असते.

मेनूबोर्डात अंतराचा हिशेब अगदी आकड्यांत करता येतो. पाट्यांच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: वाचायला सोयीचं व्हायचं तर दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. रांगेतला शेवटचा माणूस वीस फुटांवर असेल तर त्याला पदार्थाचं नाव दोन इंचांत हवं. हे एकदा मान्य केलं की बोर्डावर किती पदार्थ मावतील ते आपोआप ठरतं, आणि मग क्लायंटशी खरी चर्चा सुरू होते. काय काढायचं? ती टाळण्यासाठी अक्षर लहान करत गेलात तर काउंटरपाशी पोचल्यावर माणूस मान वर करून वाचत उभा राहतो आणि मागची रांग खोळंबते. डिजिटल बोर्डावर हलती चित्रं टाकायची हौस सगळ्यांना असते. माझं स्पष्ट मत आहे की नावं आणि किंमती असलेला भाग कधीही बदलता ठेवू नये. माणूस वाचत असताना ओळ डोळ्यांसमोरून गेली की तो चिडतो.

कियॉस्कवर, म्हणजे ऑर्डर द्यायच्या टचस्क्रीनवर, गिऱ्हाईक हातभर अंतरावर येतं, तेव्हा प्रश्न उठावाचा होतो. वेबच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी 4.5 ला 1 हे किमान कॉन्ट्रास्टचं, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातल्या फरकाचं, प्रमाण आहे. ब्रँडचा लाडका पिवळा पांढऱ्यावर लावून मोजा, तो दोनपर्यंतही पोचत नाही. दूरच्या पाटीवर राजा असलेला रंग इथे बटणाच्या अक्षरांना चालत नाही, हे क्लायंटला मोजून दाखवावं लागतं.

फोटोंबद्दल थोडं जपून लिहिते. मॅकडोनाल्ड्स कॅनडाने 2012 मध्ये एक व्हिडिओ काढून जाहिरातीतला बर्गर आणि दुकानातला बर्गर वेगळे का दिसतात ते दाखवलं होतं. जिन्नस तेच. पण फूड स्टायलिस्ट काकडीचे आणि कांद्याचे तुकडे कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडेला आणून बसवतो, सॉस सिरिंजने हवा तिथे सोडतो, आणि दुकानातल्या डब्यात वाफेने पाव थोडा आक्रसतो. मला ही पद्धत मान्य आहे: जे आत आहे ते दिसेल असं मांडायचं, जे नाही ते घालायचं नाही. स्टायलिंगच्या टेबलावर एखादा तुकडा जास्त ठेवायची सूचना आली तर तिथेच नम्रपणे विचारा, दुकानात किती घालतात?

जुने रूप परत आणण्याचीही एक लाट आहे. बर्गर किंगने 2021 मध्ये 1999 पासूनचा निळ्या वळणाचा लोगो सोडून दोन पावांमधल्या नावाचं जुनं, सपाट रूप जवळ केलं. मला हे काम आवडतं, कारण बारीक छटा आणि चमक काढल्यावर ते फोनच्या इवल्याशा चौकोनातही टिकतं. पॅसेजच्या टोकावरच्या कागदाची आणि त्या चौकोनाची परीक्षा एकच आहे.

दुसऱ्या साखळीसारखं काही करायला सांगितलं तर मात्र सावध व्हा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये टू पेसोज विरुद्ध टॅको कबाना या खटल्यात रेस्टॉरंटच्या एकूण सजावटीलाही, म्हणजे रंग, भित्तिचित्रं, मांडणी या सगळ्याला मिळून, कायद्याचं संरक्षण मिळू शकतं असं ठरवलं. 'फक्त लोगो वेगळा ठेवू' एवढ्याने भागत नाही.

आणि मुलं. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या 63 मुलांना तेच खाणं दोन वेष्टनांत दिलं, एक साधं आणि एक मॅकडोनाल्ड्सचं. ब्रँडच्या वेष्टनातलं जास्त चवदार लागतं असं मुलांनी सांगितलं, गाजर आणि दुधाबाबतीतसुद्धा. आपण जे शिकतो त्याची ताकद एवढी आहे. मी हा अभ्यास वाचला तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. त्यानंतर लहान मुलांना उद्देशून कार्टूनपात्रं करायची कामं मी घेतली नाहीत. स्टुडिओत तसं आधीच सांगून ठेवलं आणि त्यांनी ते समजून घेतलं. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण ते काम अंगावर येण्याआधी ठरवून ठेवा. डेडलाइनच्या रात्री ते ठरवता येत नाही.

सुरुवातीला तुमच्या वाट्याला रोलआउटचं काम येईल: एकच पाटी चाळीस वेगवेगळ्या दर्शनी भागांना बसवायची, एकच पोस्टर सतरा मापांत करायचं. ते कंटाळवाणं म्हणून टाळू नका. ब्रँड मॅन्युअल (लोगो-रंग कसे वापरायचे त्याची नियमपुस्तिका) लिहिणाऱ्याने न पाहिलेली खांबामागची जागा, बुटका दरवाजा, झाडाची फांदी तिथेच भेटते. शक्य असेल तेव्हा पाटी लावणाऱ्यांबरोबर साइटवर जा. शिडीवर उभ्या माणसाला माहीत असतं की पाटी कुठून दिसते.

पोर्टफोलिओत प्रसिद्ध साखळीचा 'मी केलेला नवा लोगो' शक्यतो ठेवू नका, तसे ढिगाने येतात. एखादंच छोटं काम घ्या, कल्पित ब्रँडचं असलं तरी चालेल, पण ते छापा, कापा, चिकटवा आणि त्याचे फोटो काढा: रस्त्याच्या पलीकडून, दारातून, टेबलावर, हातात. काय चुकलं आणि कसं दुरुस्त केलं तेही दोन ओळींत लिहा. माझ्यासमोर कोणी पोर्टफोलिओ ठेवला की मी पानं उलटत आधी एकच गोष्ट शोधते, दिवे लागल्यानंतरचा फोटो.