खोट्या नावाने सदाशिव पेठेत: कुमारांसाठी थरारक आणि विनोदी कादंबरी कशी लिहावी

मी सुट्टीत आठवी ते बारावीच्या मुलांचे लेखनवर्ग घेते. दर सुट्टीला कुणीतरी ‘ओळख लपवून राहणाऱ्या मुलीची’ गोष्ट घेऊन येतंच. येणारच. नव्या कॉलेजात आपण कोण म्हणून वावरायचं, हा प्रश्न सोळाव्या वर्षी प्रत्येकाला पडलेला असतो. या पोरांना मी आधी एकच सांगते: हसू आणि भीती एकाच खोट्यातून निघू द्या. एका प्रकरणात पाठलाग आणि पुढच्यात कॅन्टीनमधले पाचकळ विनोद, असं केलंत की दोन्ही फसतं.

आधी लपण्याचं कारण पक्कं करा. डॉन, गुप्तहेर नकोत. आपल्याकडे २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली. धोका मोठा असेल तर साक्षीदाराला दुसरीकडे हलवण्याची, अगदी ओळख बदलण्याचीही सोय तिच्यात आहे. निर्णय घेणाऱ्या समितीवर जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष असतात, आणि संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मिळतं. हे तीन महिने सोन्यासारखे आहेत, कादंबरीचं घड्याळ तुम्हाला आयतं मिळालं. समजा, नागपूरच्या मृणालचे बाबा एका खटल्यात साक्षीदार आहेत. ऑगस्टमध्ये ती पुण्यात येते, ‘सायली, गाव सांगली’ म्हणून. मग गणपती, नवरात्र, आणि दिवाळीच्या तोंडावर मुदत संपते.

आता पुणं. एक ते चारची झोप आणि दारावरच्या पाट्या यांवरचे विनोद गाळा, वाचकाला ते पाठ आहेत. त्याऐवजी रोजच्या व्यवहारात खोटं कुठे अडकतं ते शोधा. टपरीवर मोबाइलवरून चहाचे पैसे दिले की समोरच्याला खात्यावरचं खरं नाव दिसतं. म्हणून सायली कायम सुट्टे घेऊन फिरते, आणि ‘या वयाची मुलगी रोख देते?’ म्हणून चहावाल्याच्या ती नेमकी लक्षात राहते.

महात्मा फुले मंडईतला प्रसंग मी वर्गात नेहमी लिहायला देते. सायली भाजीवाल्या मावशींना म्हणते, “दहाचा सांभार द्या.” विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मावशी समोरच्या उडपी हॉटेलाकडे बोट दाखवतात, “तिकडं मिळंल बाळा, इडलीसंगट.” वाचक हसतो. तेवढ्यात शेजारी मेथी निवडणारा एक माणूस मान वर करतो. “नागपूरच्या का तुम्ही?” आता ती घाईने म्हणते, “नाही, आत्या असते तिकडे.” झालं, पुस्तकात एक आत्या जन्माला आली. तिचं नाव, तिचं घर, तिची मुलं, सगळं पुढे सांभाळायला हवं. यासाठी वेगळी वही करा: कोणतं खोटं, कुणाला सांगितलं, कोणत्या प्रकरणात, आणि ते कोणाच्या कानावर गेलं. वही नसली की विसाव्या प्रकरणात आत्याची मावशी होते.

खलनायकाइतकाच वेळ प्रेमळ माणसांना द्या. वाड्यातल्या काकूंचं माहेर नेमकं सांगलीचं. त्या हरखून जातात, भडंग आणून देतात, गणपती मंदिराजवळच्या गल्ल्या विचारतात, “तुझी शाळा कुठली गं?” असल्या मायेच्या चौकशीपुढे पोलिसी उलटतपासणी फिकी पडते. काकूंना चोंबड्या करू नका, त्यांची माया खरीच असू दे.

ओळख फुटायची ती गुणामुळे फुटू द्या. विराटपर्व उघडून बघा. तेरावं वर्ष अज्ञातवासाचं, ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. भीम बल्लव नावाने आचारी होतो, पण कीचक मारला गेल्याची बातमी पोचताच दुर्योधनाला शंका येते, कारण असं बळ असतं किती जणांत? मृणाल खो-खो खेळणारी असू दे. तुळशीबागेच्या गर्दीत ती पाठलाग करणाऱ्याला अशी हुलकावणी देते की, तिचे सामने पाहिलेल्याला चेहरा बघायची गरजच पडू नये. ढोल-ताशा पथकही इथे छान बसतं. पांढरे कुर्ते, डोक्याला फेटे, त्यात एक मुलगी सहज हरवते. पण लक्ष्मी रस्त्यावर शेकडो मोबाइल तिच्याकडेच रोखलेले असतात.

खरं नाव सांगण्याचा प्रसंग मात्र सगळ्यात आधी लिहा. ती काकूंना सगळं सांगते, आणि काकू म्हणतात, “म्हणजे इतके दिवस माझं भडंग तू नुसतं बळेबळेच खात होतीस?” या एका वाक्यात त्यांचा राग आणि काळजी दोन्ही ऐकू आली पाहिजेत. ते जमेपर्यंत मी पोरांना पाठलागाची प्रकरणं लिहू देत नाही.